लिनक्सवरचा सी प्रोग्राम विंडोजवर नेताना: मॅलॉकच्या सोयऱ्याधायऱ्यांची छाननी

लिनक्सवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला एक सी प्रोग्राम विंडोजवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. गणिताचा भाग सहज पार पडला. अडलं ते मेमरी मागणाऱ्या फंक्शनांपाशी.

आधी मॅलॉक.एच हेडर (फंक्शनांची घोषणा असलेली फाइल) काढलं आणि जीएनयूची भर, म्हणजे स्टँडर्डबाहेरच्या सोयी, बंद करून कंपायलरला निव्वळ सी११ वर, म्हणजे सी भाषेच्या २०११ च्या स्टँडर्डवर आणलं. मेमरी घेणारी मॅलॉक आणि कॅलॉक, घेतलेल्या जागेची साइज बदलणारं रिअलॉक आणि ती सोडणारं फ्री यांना एसटीडीलिब.एच पुरतं, बाकी उपरे कोण, ते वॉर्निंग वाचून कळलं. त्यात सगळ्यात जास्त भरलं स्ट्रडप, म्हणजे स्ट्रिंगची नवी प्रत करून देणारं फंक्शन. इतकं ओळखीचं फंक्शन, पण सी स्टँडर्डमध्ये आलं ते थेट सी२३ मध्ये! मॅलॉक आणि मेमकॉपी वापरून स्वतःचं छोटं फंक्शन लिहिलं, विषय संपला.

अलोका मात्र धोक्याचं होतं. ते स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत जागा देतं, जागा पुरली नाही तरी नल (रिकामा पॉइंटर) परत करत नाही, आणि घेतलेली जागा फंक्शन संपेपर्यंत सुटत नाही. इथे तर ते लूपमध्ये होतं, आणि लूप किती वेळा फिरणार हे इनपुट फाइलवर अवलंबून! लूपबाहेर एकदाच मॅलॉक केलं, लागेल तसं रिअलॉक.

खरा वेळ खाल्ला अलाइनमेंटने. एव्हीएक्ससाठी (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) ३२ बाइटवर अलाइन केलेली, म्हणजे जिच्या पत्त्याला ३२ ने भाग जातो अशी मेमरी हवी होती आणि जुन्या कोडमध्ये पोझिक्स मेमअलाइन होतं. सी११ मधलं अलाइन्ड अलॉक घ्यावं म्हटलं, तर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत ते नाही. तिथलं अलाइन्ड मॅलॉक वेगळं: आर्ग्युमेंटांचा क्रम उलटा, आधी साइज, मग अलाइनमेंट. दोन्ही एकाच टाइपचे, म्हणजे अदलाबदल झाली तरी कंपायलर गप्प. शिवाय ती मेमरी साध्या फ्रीने सोडायची नाही, अलाइन्ड फ्रीनेच सोडायची.

म्हणजे फंक्शनचं नाव बदलून भागणार नव्हतं. एका फाइलमध्ये घेतलेला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) तिसऱ्याच फाइलमध्ये फ्री होत होता. प्रत्येक फ्रीपासून उलटं मागे जात पॉइंटर कुठून आला ते शोधलं, मग घेणं आणि सोडणं यांची एक जोडी लिहून प्लॅटफॉर्मचा फरक तिच्या पोटात टाकला.

शेवटी उरलं मॅलॉक युजेबल साइज. ब्लॉक केवढा आहे हे त्याला विचारलं जात होतं. स्ट्रक्टमध्ये साइजचं एक फील्ड वाढवलं आणि ते फंक्शन काढून टाकलं. मागितलेली साइज प्रोग्रामला ठाऊकच होती. ती परत कशाला विचारायची, ते लिहिणाराच जाणे.