विमान पॅसिफिकमध्ये का उतरत होतं, ते सापडलं

गेल्या वेळी दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं अंतर जुळल्याच्या आनंदात दोन शहरांमधलं विमानाचं सर्वात जवळचं अंतर आणि निघायची दिशा काढणारं माझं एक्सेल शीट पूर्ण झाल्याचं लिहून मोकळा झालो होतो. शब्द मागे घेतो. अंतर बरोबरच होतं, १२,३८० किमी. पण शीटनेच काढलेली दिशा धरून तेवढं अंतर पुढे गेलं की विमान उतरायचं ३ अंश उत्तर, १६६ अंश पश्चिम इथे. हवाईच्याही खाली, भर समुद्रात!

तीन रात्री गेल्या यात. अंशांचे रेडियन करायचे राहिलेत का, पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह कुठे गळलंय का, वाररेषा ओलांडल्यावर ३६० वजा होतात का, सगळं तपासलं. सगळं ठीक. शेवटी वैतागून पोरीचा पृथ्वीगोल काढला. गल्लीतल्या स्टेशनरीवाल्याकडचा माल. विषुववृत्तावर दोन अर्धगोल धड जुळतही नाहीत. पण आपला मार्ग सगळा उत्तर गोलार्धातला, त्यामुळे चालून गेलं. शिवणाचा दोरा दोन्ही गावांवर चिकटपट्टीने ताणून बसवला. व्यास ३० सेंमी, म्हणजे १ सेंमीला साधारण ४२५ किमी. दोरा भरला २९ सेंमी. अंतर पक्कं.

पण दोरा दिल्लीहून निघत होता जवळजवळ सरळ उत्तरेला, चीन-सायबेरियाकडे. आणि शीट म्हणतंय उत्तरेपासून पूर्वेकडे ७३.५ अंश, म्हणजे नेपाळकडे. कंपासपेटीतला कोनमापक लावला: सोळा-सतरा. दोन्हींची बेरीज नव्वद!

ट्यूब पेटली. एटॅन-टू, म्हणजे एक्स आणि वाय दिले की दिशेचा कोन काढून देणारं फंक्शन! पायथन या प्रोग्रामिंग भाषेत त्याला आधी वाय द्यायचा, मग एक्स. एक्सेलमध्ये आधी एक्स. मी जुन्या पायथन कोडवरून फॉर्म्युला डोळे मिटून उतरवला होता. अंतराच्या सूत्रात एटॅन-टू नव्हताच, म्हणून तिथे काही कळलं नाही. अदलाबदल केली, १६.५ आलं, आणि शेवटच्या सेलमध्ये ३७.६२, −१२२.३८, म्हणजे थेट सॅन फ्रान्सिस्को. त्या सेलला उगाचच पिवळा रंग दिलाय.

आता वेळ. ताशी ९०० किमीने हवेतली १३ तास ४५ मिनिटं येतात, पण त्यात वारा नाही. पुढे सिंगापूर–न्यूयॉर्क घेणार होतो, ते तूर्त बाजूला. कारण एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हीच फेरी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली ते आठवलं. अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किमी, पॅसिफिकवरून १५,३००, तरी लांबच्या वाटेने लवकर, साडेचौदा तासांत. भागून बघा, ताशी १,०५५ पडतात. पाठीशी वारा असल्याशिवाय बोइंग ७७७ एवढं पळत नाही.

म्हणून टेलविंडचा, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा, एक कॉलम टाकतोय. थांबा, एकच आकडा चालणार नाही. आपला ग्रेट सर्कल, म्हणजे गोलावरचा सर्वात जवळचा मार्ग, वर ७५.६ अंश उत्तरेपर्यंत चढतो, आणि जेटस्ट्रीमचा, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेला धावणाऱ्या वाऱ्याचा, जोर बहुतेक ३० ते ६०च्या पट्ट्यात. शिवाय दिल्लीहून निघताना विमान उत्तरेला तोंड करून, म्हणजे पश्चिमेचा वारा तिथे पाठीवर नाही, कुशीवर. तुकडे पाडावे लागतील. प्रत्येक तुकड्याची दिशा आता भरवशाची आहे, तेव्हा वाऱ्याचा कोनही काढता येईल. आधी वीस तुकडे करून बघतो. दोरा अजून गोलावरच आहे, पोरगी भूगोलाला बसायच्या आत मोजून घ्यायला हवं.