थेटफर्ड: टॉमस पेनचं गाव आणि दुलीप सिंगांची कबर

जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेन या विचारवंताचं 'राइट्स ऑफ मॅन' हे मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. तो पेन १७३७ साली इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या थेटफर्डला जन्मला. केंब्रिजहून नॉर्विचला जाणारे बहुतेक जण इथे उतरत नाहीत. मराठी माणसाने उतरावं.

लंडनहून थेट गाडी नाही. किंग्ज क्रॉसहून ईलीला जाऊन नॉर्विचकडची गाडी धरायची. पुढचा प्रवास अर्ध्या तासाच्या आतबाहेर. तिकीट मात्र थेटफर्डपर्यंतचं एकच काढा. पहिल्या गाडीला उशीर होऊन जोडगाडी चुकली, तर त्याच तिकिटावर पुढची घेता येते.

स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की किंग्ज हाउससमोर पेनचा सोनेरी पुतळा दिसतो (१९६४, शिल्पकार चार्ल्स व्हीलर). एका हातात लेखणी, दुसऱ्यात तेच पुस्तक, आणि तेही उलटं धरलेलं! लांबून फोटो काढून निघालात तर हे निसटतं. चौथऱ्यावरचा मजकूरही वाचा: जन्माने इंग्रज, फ्रान्सचा नागरिक, अमेरिकेने आपलासा केलेला. कॉर्सेट शिवणाऱ्याचा हा मुलगा इथल्याच ग्रामर स्कूलमध्ये शिकला. जन्मघर आता उभं नाही, ते शोधण्यात वेळ घालवू नका.

जवळच व्हाइट हार्ट स्ट्रीटवर एन्शंट हाउस संग्रहालय आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरचं हे लाकडी सांगाड्याचं घर गावाला दिलं कोणी, तर पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीप सिंग यांचे पुत्र फ्रेडरिक यांनी. उघडण्याचे दिवस हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून वेळ आधी पाहून मगच प्रवासाचा दिवस ठरवा. महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९९९) बटन आयलंडवर आहे. तिथे पादचारी पुलावरून जाता येतं.

याच गावाने १९०४ मध्ये बहामात जन्मलेले डॉ. अॅलन मिन्स यांना महापौर निवडलं. ब्रिटनमधले पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

दुलीप सिंगांची कबर सुमारे ६ किलोमीटरवरच्या एलव्हडनच्या चर्चच्या आवारात आहे. १८९३ साली पॅरिसमध्ये वारलेल्या महाराजांच्या शेजारी पत्नी बंबा आणि मुलगा एडवर्ड यांच्या कबरी आहेत. गर्द रानातून जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्या भरधाव असतात, त्यामुळे पायी जाऊ नका. टॅक्सी करा, आणि परतीचीही तेव्हाच ठरवा. रविवारी सकाळी प्रार्थनेची वेळ टाळा. महाराजांचा एकेकाळचा वाडा, एलव्हडन हॉल, खाजगी आहे, आत सोडत नाहीत.