गावाच्या पैशाचा हिशोब आणि वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह

काल ग्रामसभा झाली. म्हणजे तहकूब ग्रामसभा, कारण आधी ठरलेल्या तारखेला कोरमच, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरीच, भरली नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल तेवढी लागतात, तीही आली नाहीत आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते, त्यामुळे समाजमंदिरात बसलेल्या तीस-पस्तीस जणांनी अख्ख्या गावाचा पुढच्या वर्षाचा आराखडा मंजूर केला. मी पाच वर्षं पंचायतीची सदस्य होते, मला हे नवीन नाही, तरी रात्रभर डोक्यातनं जाईना म्हणून लिहितेय.

गावात सगळ्यांना वाटतं पंचायतीकडं पैशाचा ढीग येतो आणि सरपंच मनाला येईल तिथं उडवतो. निवडून यायच्या आधी मीही हेच बोलायचे. पहिल्याच मासिक मिटिंगला भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकाला आमच्याकडं सगळे भाऊसाहेबच म्हणतात) वही पुढ्यात ठेवली तेव्हा कळलं की पैसा येतानाच त्याच्यावर नाव लिहून येतो. १५व्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) निधी घ्या. ६० टक्के बंधित होता, त्यातला निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवरच घालायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरा म्हणायचे पण त्यातून पगार काढता येत नव्हता. राहिली आपली घरपट्टी-पाणीपट्टी. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणला, ५ टक्के दिव्यांगांना. समजा ५ लाख वसूल झाले तर दीड लाख बाजूला गेले, आणि ते जायलाच पाहिजेत, दिव्यांगांचे पैसे दोन-दोन वर्षं वाटपाविना पडून राहिलेले मी स्वतः बघितलेत आणि त्यावरून भांडलेय पण. मग उरलेल्या साडेतीन लाखात शिपाई, पाणीवाला, दिवाबत्ती, मोटर जळली की तिचं रिवाइंडिंग, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, सगळं आलं.

म्हणजे जिथं खरंच निवड करायची असते तो पैसा थोडाच असतो. आणि नेमका तोच दिसणाऱ्या कामाकडं पळतो.

काल अबंधितमधून देवळापुढच्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक मंजूर झाले. रस्ता वाईट आहे हे खरं, पावसात शाळेची पोरं घसरून पडतात, सरपंच खोटं बोलत नव्हते. पाण्याच्या बंधित पैशातून गेल्या वर्षी आरओ प्लांट झाला, त्याचं उद्घाटन झालं, फोटो निघाले. पण वरच्या वस्तीला जाणारा व्हॉल्व्ह ओढ्याच्या कडेला आहे, त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलीय, ट्यूबवर तार, तारेवर परत ट्यूब, आणि पाणी सोडलं की तिथं गळतं, त्यामुळं बारा महिने हिरवंगार गवत. तो बदलायला आणि पुढची थोडी पाइप टाकायला पेव्हर ब्लॉकच्या मानानं काहीच लागत नाही. पण व्हॉल्व्हला कुणी नारळ फोडत नाही.

आदल्या दिवशीच्या महिला सभेत वस्तीवरची एक मावशी उभी राहिली. ती म्हणाली, चिखलातनं आलो तर पाय धुता येतात, पण पाय धुवायला पाणी पाहिजे की. सगळ्या बायका गप्प झाल्या. वस्तीवर निम्मी घरं पाणीपट्टी भरत नाहीत, म्हणतात आधी पाणी द्या मग पट्टी मागा, आणि पंचायत म्हणते पट्टी आली की दुरुस्ती करू. ही गाठ मी सदस्य असतानाही सुटली नाही, त्यात माझीही चूक आहे, मी तेव्हा अंगणवाडीच्या कंपाउंडच्या मागं लागले होते. जल जीवनमध्ये, म्हणजे घरोघरी नळाच्या सरकारी योजनेत, माणशी रोज ५५ लिटरचं ठरलंय, पण योजना पंचायतीच्या ताब्यात आली की मोटरचं लाइट बिल आणि दुरुस्ती आपल्याच गळ्यात येते, त्याचा विचार आराखड्यात कुणी आधी करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन काम धरायच्या आधी, जे आहे ते चालू ठेवायला काय लागतं तो आकडा पहिल्या ओळीत लिहा. पेव्हर ब्लॉक त्याच्या खाली.

हे मी काल सभेत उभं राहून बोलले. तर विषय कुठं नोंदवला? आयत्या वेळच्या विषयात, शेवटी, ‘चर्चा झाली’ एवढंच.

म्हणून आज पहाटे साडेचारला पाणीवाल्या दादांबरोबर गेले. त्यांनी चावी फिरवली आणि मी मोबाइलवर टाइम लावला. खालच्या आळीत हंडा दीड मिनिटात भरला. वरच्या वस्तीत त्या मावशीच्या दारात तेवढाच हंडा भरायला अकरा मिनिटं लागली, आणि तिच्यामागं अजून सहा घरं होती, पाणी असतं वीस मिनिटं. मावशी काही बोलली नाही, नुसती हंड्याकडं बघत उभी होती. हे सगळे आकडे घालून अर्ज लिहिलाय, खाली वस्तीवरच्या २३ जणींच्या सह्या-अंगठे आहेत. अकराला पंचायत उघडली की आवक नंबर टाकून पोच घेणार आहे.