आर्ची बंकरची खुर्ची

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, ७०४ हाउझर स्ट्रीट या काल्पनिक पत्त्यावरच्या घराच्या दिवाणखान्यात दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. एक आर्ची बंकरची आणि दुसरी त्याची बायको ईडिथ हिची. ईडिथच्या खुर्चीवर कोणीही बसावे, तिची काही हरकत नसते. आर्चीच्या खुर्चीवर मात्र जावई माइक चुकून टेकला, तरी आर्ची त्याच्यासमोर येऊन उभा राहतो, आणि माइक उठेपर्यंत तिथून हलत नाही. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर १९७१ ते १९७९ या काळात चाललेली 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका मी गेल्या पावसाळ्यात पुन्हा क्रमाने पाहिली, आणि या वेळी संवादांपेक्षा त्या खुर्चीनेच माझे लक्ष धरून ठेवले.

मनोविश्लेषणाचा आधार घेऊन मालिका पाहायची म्हटले की लोक खुर्ची म्हणजे सिंहासन, सिंहासन म्हणजे पुरुषसत्ता, असे कोष्टक मांडून मोकळे होतात. असल्या तयार कोष्टकावर माझा विश्वास नाही. 'स्वप्नांचा अर्थ' या १८९९ च्या अखेरीस प्रकाशित झालेल्या, पण १९०० साल छापलेल्या ग्रंथात फ्रॉइडनेच बजावले आहे की स्वप्नाचा अर्थ शोधायचा, तर स्वप्न पाहणाऱ्याच्या स्वतःच्या मनात त्यातल्या वस्तूंशी काय काय जोडलेले आहे, ते आधी विचारले पाहिजे. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की ही खुर्ची कोणाच्या मनातून आली आणि तिच्याबरोबर आणखी काय आले.

मालिकेचा निर्माता नॉर्मन लिअर नऊ वर्षांचा असताना त्याच्या वडिलांना बनावट रोखे विकल्याच्या प्रकरणात अटक झाली आणि पुढे तुरुंगवास घडला. आईने घर मोडायला काढले. विकल्या जाणाऱ्या सामानात वडिलांची तांबड्या चामड्याची खुर्चीही होती, आणि भोवती जमलेल्या मोठ्या माणसांपैकी एकाने त्या मुलाला सांगितले की आता या घरातला कर्ता पुरुष तूच. ही आठवण लिअरने पुढे स्वतःच सांगितली आहे. बायकोला गप्प बसवताना आर्ची 'स्टायफल' हा जो शब्द वापरतो, तोही लिअरच्या वडिलांच्या तोंडचा. 'टिल डेथ अस डू पार्ट' या बीबीसीवरच्या इंग्रजी मालिकेवरून लिअरला ही कल्पना सुचली हे खरे, पण जी खुर्ची लहानपणी डोळ्यांदेखत विकली गेली, ती त्याने दिवाणखान्याच्या मधोमध परत आणून ठेवली आणि तिच्यावर असा बाप बसवला, की जो तिथून उठायला तयारच नाही, असे मला वाटते. त्या बापाशी मुलाला आठ-नऊ वर्षे भांडता आले. तुरुंगात गेलेल्या बापाशी भांडता येत नाही.

इथे मला आमच्या घरातली आजोबांची कापडी आरामखुर्ची आठवल्याशिवाय राहत नाही. ते गेल्यावर कित्येक महिने तिच्यावर कोणी बसले नाही. आई तिचे कापड काढून धूत असे आणि दांडी ओवून पुन्हा तिथेच, खिडकीकडे तोंड करून ठेवत असे. तिच्यावर बसू नका असे आम्हाला कोणी कधी सांगितले नव्हते.

माइकची बाजूही पाहण्यासारखी आहे. त्याचे आईवडील लहानपणीच गेले, काकाने त्याला वाढवले. म्हणजे आर्चीची मुलगी ग्लोरिया हिच्याशी लग्न करून तो नुसता सासऱ्याच्या घरात राहायला आलेला नाही, तर बाप नसलेल्या घरातून बाप असलेल्या घरात आलेला आहे. तो पूर्वग्रहांनी भरलेल्या आर्चीच्या प्रत्येक मताला विरोध करतो आणि पुन्हा पुन्हा त्याच खुर्चीजवळ घोटाळतो. त्याला आर्चीला खोटे पाडायचे असते, आणि आर्चीने आपल्याला मानावे असेही वाटत असते.

आर्चीच्या जीभ घसरण्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्यावर मी थांबत नाही. जड शब्द त्याच्या तोंडी हमखास मोडतात, आणि स्त्रीरोगतज्ज्ञासाठीचा 'गायनॅकॉलॉजिस्ट' हा शब्द तो 'ग्रॉइन' या जांघेच्या शब्दाशी जोडून 'ग्रॉइनॅकॉलॉजिस्ट' असा उच्चारतो तेव्हा त्याला बोलायची चोरी असलेली गोष्ट आपोआप बाहेर पडते, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

खुर्चीचा खरा अर्थ उलगडतो तो १९७८ सालच्या 'टूज अ क्राउड' या भागात, आणि तिथे खुर्ची नाहीच. आर्ची आणि माइक रात्री आर्चीच्या बारमधल्या कोठीघरात अडकून पडतात. दार उघडत नाही, थंडी आहे, हाताशी दारू आहे. पिता पिता आर्ची सांगू लागतो की लहानपणी घरात इतकी गरिबी होती, की तो एका पायात जोडा आणि दुसऱ्या पायात बूट घालून शाळेत जाई, आणि मुले त्याला 'शू' आणि 'बूट' जोडून 'शूबूटी' म्हणून चिडवत. मग वडिलांचा विषय निघतो. वडिलांनी मारले तेव्हा त्यांचा स्वतःचाच हात मोडला होता. एकदा त्यांनी त्याला सात तास कपाटात कोंडून ठेवले होते. माइक हळूच सुचवतो की काळ्या लोकांविषयी तुमच्या वडिलांनी जे शिकवले ते चूक होते. त्यावर आर्चीचा आवाज बदलतो. जो बाप आपल्यासाठी राबला, ज्याचे आपल्यावर प्रेम होते, तो आपल्याला चुकीचे कसे शिकवेल, असे तो विचारतो, आणि ते वाद घालण्यासाठी विचारलेले नसते. आर्चीचे काम करणाऱ्या कॅरल ओकॉनरने हे सगळे डोळे अर्धवट मिटून, जवळजवळ पुटपुटत म्हटले आहे.

फ्रॉइडची मुलगी आणि स्वतःही मनोविश्लेषक असलेल्या ॲना फ्रॉइडने १९३६ साली 'आक्रमकाशी तादात्म्य' या मनाच्या बचावाचे वर्णन केले: ज्याची भीती वाटते त्याच्यासारखेच होऊन मूल त्या भीतीतून सुटते. आर्चीला बापावर रागावता येत नाही, कारण रागावले तर बापाचे प्रेमही हातचे जाईल. म्हणून तो बापाचा राग जसाच्या तसा उचलतो आणि शेजाऱ्यांवर, जावयावर, परक्या वंशाच्या माणसांवर काढतो. सात तास कपाटात कोंडलेला मुलगा मोठा होऊन दिवाणखान्याच्या मधोमध, उजेडात, सगळ्यांना दिसेल अशी एक जागा स्वतःसाठी राखून ठेवतो, जिथून त्याला कोणी उठवू शकत नाही. ती खुर्ची आणि ते कपाट ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, असे मी मानतो. आणि लेखकांनी त्याला हे बोलायला लावले तेही पुन्हा एका बंद खोलीत. फरक इतकाच की या वेळी अंधारात त्याच्याबरोबर दुसरे कोणी तरी आहे. आर्चीला झोप लागते, तेव्हा माइक त्याच्यावर पांघरूण घालतो आणि 'शूबूटी' म्हणूनच त्याचा निरोप घेतो. बापाविना वाढलेला मुलगा बापाने मारलेल्या मुलाला झोपवतो आहे, इतके साधे आणि इतके खोल दृश्य मी दूरचित्रवाणीवर फार थोड्या वेळा पाहिले आहे.

त्याच १९७८ साली ती खुर्ची वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे गेली. मुळात ती जुन्या सामानाच्या दुकानातून काही डॉलरांना आणलेली होती. मालिका पुढे चालू राहिली, तेव्हा हुबेहूब दुसरी करवून घ्यायला मात्र कित्येक पटींनी खर्च आला.

ईडिथचा मृत्यू पुढच्या मालिकेत, १९८० साली दाखवला गेला. आर्ची कित्येक दिवस रडत नाही, तिचा विषयही काढू देत नाही. मग एकदा झोपण्याच्या खोलीत त्याला तिची एक सपात हाती लागते. ती हातात घेऊन तो पलंगाच्या काठावर बसतो आणि तिच्याशी बोलू लागतो, की आधी मी जायचे ठरले होते. एका पायात जोडा आणि दुसऱ्यात बूट घालणाऱ्या त्या मुलाच्या हातात जोडीतले एकच पादत्राण आहे, आणि तो आपल्या खुर्चीपासून दूर, वरच्या खोलीत एकटा रडतो आहे.