सेंट जॉर्ज रीफवरील कौलांचा देखावा

समितीला जहाज हवे होते आणि मी तयार केलेल्या देखाव्यात जहाज नव्हते. कोकणच्या किनाऱ्यावरील एका संग्रहालयासाठी बुडालेल्या गलबताचा त्रिमित देखावा, म्हणजे ज्याला आमच्या व्यवसायात डायोरामा म्हणतात तो, करण्याचे काम माझ्याकडे आले होते. सुपूर्द करण्यापूर्वीच्या अंतिम पाहणीसाठी समितीचे सदस्य आणि त्यांनी बोलावलेले सागरी पुरातत्त्वाचे एक अभ्यासक माझ्या कार्यशाळेत येणार होते. त्याआधी आलेल्या पत्रात स्पष्ट मागणी होती की, देखाव्यात एक मोडलेली डोलकाठी आणि सांगाड्याच्या निदान दोन-चार फासळ्या दिसाव्यात. नाहीतर प्रेक्षकाला हे गलबत आहे हे कळणार कसे? प्रश्न गैर नव्हता. मात्र मी फासळ्या बसवल्या नव्हत्या आणि बसवणारही नव्हतो. त्या दिवशी मला त्याची कारणे बोलून नव्हे, काम दाखवून पटवायची होती.

विषय ठरला होता तो गोव्याच्या समुद्रातील सेंट जॉर्ज रीफचा. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या खडकाळ भागात डुबक्या मारून शोध घेतला, तेव्हा त्यांना मिळाला तो इमारतीच्या सामानाचा, भाजलेल्या मातीचा माल: छपराची कौले, आढ्यावर बसणारी कौले, जमिनीच्या फरशा, धुराड्याच्या विटा, खांबांचे पोकळ गोल भाग आणि पानांची नक्षी असलेली कोरिंथियन पद्धतीची खांबशीर्षे. त्यावरील ‘बाझल मिशन टाइल वर्क्स 1865’ या ठशामुळे माल कोठला हे निश्चित झाले. बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तेथून निघालेले कौल पुढे साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर ‘मंगलोरी’ या नावाने घराघरांवर चढले. ठशातील साल मात्र कारखान्याच्या स्थापनेचे आहे, गलबत बुडाल्याचे नव्हे. त्यावरून एवढेच म्हणता येते की, हे गलबत 1865 च्या आधी बुडालेले असू शकत नाही. गोव्यातच सुंची रीफवर हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि तोफा सापडल्या आहेत, आणि देखणेपणाच्या दृष्टीने तो विषय अधिक भरजरी ठरला असता. तरीही संग्रहालयाने कौले निवडली याचा मला मनापासून आनंद झाला. हे संग्रहालय पाहायला येणाऱ्या माणसांपैकी कितीतरी जण त्याच कौलांखाली जन्मलेले असतात.

सेंट जॉर्ज रीफबद्दल प्रसिद्ध झालेल्या लेखनात गलबताचा लाकडी सांगाडा मिळाल्याची नोंद नाही. आपल्या उबदार, खाऱ्या आणि उथळ समुद्रात उघड्यावर पडलेले लाकूड फार काळ टिकत नाही. टेरेडो हा शिंपल्यांच्याच कुळातील, पण अळीसारखा लांबट प्राणी लाकडात शिरतो आणि आतून ते पोखरून काढतो. पोखरलेले लाकूड लाटांच्या माऱ्याने निखळते आणि वाहून जाते. स्टॉकहोमचे ‘वासा’ हे जहाज 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडाले आणि 1961 मध्ये जवळजवळ सगळेच्या सगळे वर आले, याचे एक मोठे कारण हे की, बाल्टिक समुद्राचे पाणी टेरेडोला जगता येईल इतके खारट नाही. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ची जी बाजू गाळात गाडली गेली तेवढी उरली, उघडी राहिलेली नाहीशी झाली. बुडालेले जहाज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते ते अशा थंड पाण्यातल्या किंवा गाळाने जपलेल्या जहाजांचे असते. तेच चित्र आणून गोव्याच्या उथळ खडकांवर ठेवणे म्हणजे इथल्या समुद्राविषयी खोटे सांगणे झाले असते, आणि संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या वस्तूला लोक खरे मानतात.

प्रमाण मी 1:20 धरले. तळपट, म्हणजे देखाव्याखालचा तक्ता, दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद, म्हणजे त्यावर तीस मीटर बाय वीस मीटर समुद्रतळ मावतो. सध्याच्या प्रमाणित मापाचे मंगलोरी कौल सुमारे 41 सेंटिमीटर लांब आणि साडेतेवीस सेंटिमीटर रुंद असते. ते या प्रमाणात दोन सेंटिमीटरांहून किंचित मोठे होते, आणि एवढ्या आकारात त्याच्या पन्हळी आणि कडांच्या खाचा नीट उतरतात. 1:50 घेतले असते तर कौल ओळखता आले नसते. 1:10 घेतले असते तर तळपट संग्रहालयाच्या दारातून आत गेले नसते. एक मूळ कौल हाताने कोरून त्याचे सिलिकॉनचे साचे केले आणि गेरूच्या रंगाचे रेझिन त्यात ओतून कौले काढली. खांबशीर्षांवरील पानांना मेणात कोरण्यावाचून पर्याय नव्हता, आणि माझ्या सहकारी मुलीने भिंग डोळ्याला लावून ते काम इतक्या निष्ठेने केले की, बोटाच्या पेरापेक्षा लहान त्या शीर्षावर प्रत्येक पानाची वळलेली कड वेगळी दिसते.

कौले पाडणे सोपे होते. ती रचावीत कशी हा खरा प्रश्न होता. गलबताच्या पोटात माल जसा रचला जातो तसाच तो बुडताना घसरतो, आणि लाकूड नाहीसे झाल्यावर तळाशी उरते ती त्या रचनेची मोडतोड. म्हणून ती रचना आधी समजणे आवश्यक होते. त्यासाठी मी वेंगुर्ल्याकडे एका वृद्ध गृहस्थांना भेटलो, ज्यांनी आयुष्यभर पावसाळ्याआधी लोकांची घरे शाकारली आहेत आणि होडीतून, बैलगाडीतून, ट्रकमधून कौले उतरवून घेतली आहेत. ते म्हणाले, “कौल आडवा घातलंस तर तळचा फुटतला. ता उभाच लावूक व्हया, एकाक एक टेकून.” मग त्यांनी अंगणात दहा-बारा कौले उभी, किंचित कलती, एकमेकांना टेकवून लावून दाखवली आणि शेवटच्या कौलाला हलकेच ढकलले. सगळी रांग एका दिशेला झुकली आणि पंख्यासारखी उलगडत पडली. मधली कौले शाबूत राहिली आणि टोकाची फुटली. देखाव्यातील कौलांचे ढीग त्या अंगणातून आले आहेत. प्रत्येक रांग मी आधी उभी लावली आणि मग कलंडवली. हाताने पसरलेले एकही कौल त्यात नाही. माझ्या मते त्या ढिगांतून गलबताचा आकार जितका प्रामाणिकपणे सूचित होतो, तितका कोणत्याही फासळीने झाला नसता.

तळाच्या वाळूविषयी आणि साहित्याविषयी थोडेसेच सांगतो. किनाऱ्यावरची खरी वाळू वापरता येत नाही, कारण अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणात एक सेंटिमीटरचा खडा ठरतो. त्याऐवजी चाळून घेतलेली दगडाची पूड वापरली. काचेच्या पेटीत देखाव्याशेजारी समुद्रातून वर आणलेल्या कौलाचा एक अस्सल तुकडाही ठेवायचा होता, त्यावर चिकटलेल्या कालवांसकट. शिंपला चुन्याचा असल्यामुळे बंद पेटीतील आम्लाच्या वाफांनी तो झिजतो, आणि एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेले, तक्ते किंवा व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन नेमक्या याच वाफा वर्षानुवर्षे सोडत राहतात. म्हणून तळपटाला ॲल्युमिनियमची चौकट दिली आणि पेटीत चिकटवण्यासाठी वापरलेले प्रत्येक द्रव्य आधी तपासून घेतले.

ज्यावर माझी सगळी भिस्त होती, तो होता प्रकाश. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे काही मीटर खोलीवरच लाल कौल तपकिरी आणि पुढे राखाडी दिसू लागते. त्यातही आपल्या किनाऱ्याजवळचे पाणी चित्रातल्यासारखे निळे नसते. नद्यांतून आलेल्या सेंद्रिय द्रव्यांमुळे आणि सूक्ष्म वनस्पतींमुळे निळा प्रकाशही गाळला जातो आणि उरतो तो हिरवट उजेड. पुष्कळ देखाव्यांत कौलांना आधीच मळकट तपकिरी रंग देऊन वरून निळा दिवा सोडतात. मी कौले गेरूच्या खऱ्या लाल रंगाची ठेवली आणि पेटीच्या वर, काचेबाहेर, हिरव्या आणि हिरवट निळ्या पट्ट्यातलाच प्रकाश देणारे एलईडी बसवले. त्या उजेडात लाल रंगाला परतवायला काही मिळतच नाही, म्हणून कौले आपोआप काळपट तपकिरी दिसतात. तळापासून थोड्या उंचीवर, पायांनी गाळ उडणार नाही अशा बेताने तरंगणारी साडेआठ सेंटिमीटरची एक पाणबुड्याची आकृती आहे आणि तिच्या हातातील विजेरीत बारीकसा पांढरा दिवा आहे. प्रेक्षकाने बटण दाबले की तो लागतो, आणि जेवढ्या भागावर त्याचा झोत पडतो तेवढीच कौले लाल होतात.

पाहणीच्या दिवशी मंडळी दुपारी आली. समितीच्या ज्येष्ठ सदस्य बाईंनी कार्यशाळेच्या नेहमीच्या उजेडात देखावा पाहिला आणि सौम्यपणे, पण ठामपणे म्हणाल्या, “काम सुरेख आहे. पण मला यात कौलांचे ढिगारे दिसतात, जहाज दिसत नाही.” मी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, वरचे दिवे बंद केले आणि पेटीचे दिवे लावले. सोबतचे अभ्यासक सर आतापर्यंत एक शब्दही बोलले नव्हते. ते गुडघ्यांवर बसले, डोळे तळपटाच्या पातळीवर आणले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, “या रांगा एकाच बाजूला का पडल्या आहेत?” मी वेंगुर्ल्याच्या अंगणातली गोष्ट सांगितली आणि हेही सांगितले की, खडकावर आपटून एका कुशीवर कलंडलेल्या गलबतातला माल मी असा पडेल असे धरले आहे, हा माझा तर्क आहे आणि पाटीवर तो तर्क म्हणूनच लिहिला जाईल. ते उठले आणि बाईंकडे वळून म्हणाले, “मॅडम, आम्ही खाली उतरतो तेव्हा जहाज बहुतेक वेळा असेच दिसते. निसर्गात काहीही इतक्या ओळीने पडत नाही. ओळ दिसली की आम्ही थांबतो.”

बाईंनी बटण दाबले. त्यांचे माहेर कौलारू घराचे आहे, हे त्यांनी नंतर सांगितले, त्या क्षणी मात्र लाल झालेल्या ढिगाकडे पाहून त्या एकदम म्हणाल्या, “अरे, ही तर आपलीच कौले!” त्यांनी पुन्हा बटण दाबले, मग सोबतच्या दोघांना दाबायला लावले. फासळ्यांचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. मला विलक्षण समाधान वाटले, कारण जे सांगायला मी पानभर टिपण तयार ठेवले होते ते उजेडाने एका क्षणात सांगून टाकले होते.

पण सरांचे समाधान पूर्ण झाले नव्हते. त्यांचा आक्षेप उलट बाजूने आला: पाणी फार स्वच्छ आहे. मांडवी आणि झुवारीच्या मुखांजवळच्या या समुद्रात पलीकडचा खडक इतका रेखीव दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी मागच्या बाजूला जाळीदार तलम कापडाचा एक पडदा लावलाच होता; त्यांना गढूळपणा त्याहून बराच दाट हवा होता. यावर समितीतील एक सदस्य काळजीत पडले, कारण पेटीच्या मागच्या बाजूने येणाऱ्या प्रेक्षकाला मग काय दिसणार? दोन्ही म्हणणी रास्त होती. शेवटी असे ठरले की, पेटी भिंतीला लावून ठेवायची, प्रेक्षक तिन्ही बाजूंनीच येतील, आणि मागच्या एकतृतीयांश भागात एकामागे एक अशा आणखी दोन जाळ्या सोडायच्या, म्हणजे पुढची कौले स्पष्ट राहतील, मधली पुसट होतील आणि मागचा खडक असल्याची केवळ जाणीव होईल. सरांनी तेथेच उभे राहून, मी कापडाचे तुकडे मागेपुढे सरकवत असताना, आठवणीतल्या पाण्याशी ते ताडून पाहिले. एका जागी ते म्हणाले, “बस्स, एवढेच,” आणि मी पेन्सिलीने खूण केली.

पाटीचा मजकूर ठरवायला त्याहून अधिक वेळ लागला. संग्रहालयाच्या मसुद्यात ‘बुडालेल्या जहाजाची प्रतिकृती’ असे लिहिले होते. बाईंनी स्वतःच ते खोडले आणि चर्चेअंती लिहिले: ‘सेंट जॉर्ज रीफ, गोवा. प्रमाण 1:20. गलबताचे लाकूड येथे दिसत नाही, कारण ते समुद्रातील जीवांनी खाऊन टाकले आहे. दिसतो आहे तो गलबतातील माल. कौलांच्या पडण्याची दिशा अनुमानाने दाखवली आहे.’ ठशाची अक्षरे या प्रमाणात वाचता येणार नाहीत, म्हणून ठसा असलेल्या विटेची पूर्ण आकाराची एक प्रतिकृती पेटीबाहेर, हात लावून पाहता येईल अशी ठेवावी, ही माझी सूचनाही त्यांनी मान्य केली. विजेरीचा दिवा एकदा लागला की वीस सेकंद राहील आणि बटण लहान मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर असेल, एवढे टिपून घेऊन मंडळी संध्याकाळी निघाली, आणि मी दुसऱ्या दिवशी जाळ्यांचे कापड कापायला घेतले.