१८८ ची केस आणि एका जावक नंबरचे पाच महिने

नोव्हेंबर २०२० ला आम्ही चौकात वाढीव वीजबिलांची होळी केली होती. कोरोनामुळे दुकानं महिनोन् महिने बंद आणि बिलं डबल, म्हणून चाळीसेक माणसं जमली, माजी आमदार असलेल्या आमच्या भाऊंनी दहा मिनिटं भाषण ठोकलं, बिलं जाळली, चहा पिऊन घरी. रात्री कळलं की अकरा जणांवर गुन्हा दाखल: भादंवि (भारतीय दंड विधान) कलम १८८ (सरकारी आदेश मोडणं), २६९ (निष्काळजीपणाने रोग पसरवणं), साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५१. एक नंबरला भाऊ, सात नंबरला मी. "अरे आंदोलनाच्या केसेस असतात का कुठं, सरकार बदललं की जातात सगळ्या," भाऊ म्हणाले. मी पण विसरून गेलो.

२०२२ ला चाकणला एका कंपनीत काम जमत आलं होतं, त्यांनी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं. ऑनलाइन अर्ज टाकला तर शेरा आला, गुन्हा न्यायप्रविष्ट. काम गेलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये तेव्हाचे गृहमंत्री दिलीप वळसे पाटलांनी जाहीर केलं होतं की कोरोनातले १८८ चे गुन्हे मागे घेणार. बातमी वाचून मी घरी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. मग कळली गोम. केस मागे घ्यायला सरकारी वकिलाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली अर्ज द्यायचा आणि कोर्टाने परवानगी द्यायची, इथपर्यंत ठीक, पण ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की आजी-माजी आमदार खासदारांवरची केस हायकोर्टाला विचारल्याशिवाय मागे घ्यायची नाही. आम्हा बाकीच्यांपुरतं वेगळं करता आलं असतं म्हणे, पण एक नंबरला भाऊंचं नाव बघितलं की त्या फाइलला कोणी हात लावेना. फोटोत भाऊंच्या मागे उभं राहायची हौस अशी महागात पडली.

शेवटी आम्ही तिघांनी वर्गणी काढून वकील केला आणि हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात त्याच संहितेच्या ४८२ खाली केस रद्द करायचा अर्ज करायचं ठरवलं. मी गूगल करून गेलो होतो की अशा छोट्या गुन्ह्यात एका वर्षात चार्जशीट हवी. वकील हसले, म्हणाले कोरोनात सुप्रीम कोर्टानेच मुदती थांबवल्यात, तो मुद्दा विसरा. खरा मुद्दा त्याच संहितेतल्या १९५ चा. १८८ मध्ये ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याने किंवा त्याच्या वरच्याने कोर्टात लेखी तक्रार द्यावी लागते, नुसत्या पोलिसांच्या चार्जशीटवर कोर्टाला दखल घेता येत नाही. आमच्या केसमध्ये फिर्यादी कॉन्स्टेबल. "फक्त तो जमावबंदीचा मूळ आदेश आणा, सही कुणाची आहे ते दाखवायचंय."

फक्त!

एफआयआरमध्ये लिहिलंय "मा. जिल्हाधिकारी यांचा आदेश जा.क्र." आणि पुढे, जिथे आदेशाचा जावक नंबर हवा, तिथे जागा कोरी. खरंच कोरी, टिंब टिंब सुद्धा नाही. मी जिल्हाधिकारी ऑफिसच्या गृह शाखेत गेलो. तिथले साहेब म्हणाले, त्या काळात सारखे आदेश निघायचे, एक संपला की दुसरा, जावक नंबर सांगा. नंबर एफआयआरमध्ये नाही म्हटलं. मग ठाण्यातून आणा. ठाण्यात गेलो तर तपास करणारे साहेब बदलून गेलेले, मुन्शी म्हणाला आदेश त्यांचा, नंबर त्यांनाच माहीत असणार, तिकडेच विचारा. परत गृह शाखा. साहेब ट्रेनिंगला. पुढच्या आठवड्यात साहेब आहेत पण कपाटाची चावी दुसऱ्याकडे. त्यानंतरच्या खेपेला नवीनच मॅडम, "अर्ज द्या." दिला. पंधरा दिवसांनी गेलो तर अर्जच सापडेना, कारण मी पोच घेतली नव्हती (पोच घ्या, अर्ज चहाच्या पावतीएवढा असला तरी शिक्का मारून पोच घ्या). मग माहिती अधिकार, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, "मागितलेली माहिती मोघम असल्याने जावक क्रमांक नमूद करावा." ते पाकीट हातात घेऊन मी ऑफिसच्या पायरीवर बसलो आणि सरळ हसायला लागलो, शिपाई बघत होता.

डोकं फिरायचं कारण अजून एक. आमच्या आंदोलनाच्या महिनाभर आधी, २० ऑक्टोबर २०२० ला, मध्य प्रदेशात हायकोर्टाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने पोटनिवडणुकीच्या सभांवर बंधन घातलं होतं, ऑनलाइन प्रचार शक्यच नसेल तरच सभा आणि त्यासाठी येणाऱ्यांच्या दुप्पट लोकांना पुरतील इतक्या मास्क-सॅनिटायझरचे पैसे आधी भरा. उमेदवार आणि निवडणूक आयोग सुप्रीम कोर्टात गेले, २६ तारखेला स्थगिती. सहा दिवस! आणि मी एका नंबरसाठी पाच महिने.

नंबर सापडला कुठे माहितीये? माझ्याच मोबाइलमध्ये. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा कुणीतरी आदेशाचा फोटो टाकला होता, मीच खाली हात जोडलेला इमोजी दिलेला. रात्री दीड वाजता स्क्रोल करता करता दिसला, जावक नंबर, तारीख, गोल शिक्का, सगळं. दुसऱ्या दिवशी नंबर सांगितला आणि मॅडमनी चार मिनिटांत साक्षांकित प्रत दिली. चार मिनिटं. सही अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांची आणि त्यांची तक्रार कुठेच नव्हती.

पुढचं हायकोर्टातलं सांगण्यासारखं काही नाही, दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला आमची केस रद्द झाली. ५१ ला पण ठरलेल्या अधिकाऱ्याचीच तक्रार लागते, आणि २६९ बद्दल वकिलांनी एवढंच दाखवलं की आमच्यातला कोणी तेव्हा पॉझिटिव्ह असल्याचा एक कागद चार्जशीटमध्ये नाही. ऑर्डर मिळाली की प्रत स्वतः ठाण्यात नेऊन द्या आणि ऑनलाइन रेकॉर्डला नोंद झाली का ते बघा, आपोआप होत नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं, खालच्या कोर्टात लोक म्हणतील कबूल करा, दोनशे रुपये दंड भरा, मोकळे व्हा. आमच्यातल्या दोघांनी तेच केलं. ते मोकळे होणं नाही, दोषी ठरल्याची नोंद राहते आणि पडताळणीत ती परत समोर येते. आणि जुलै २०२४ पासूनची केस असेल तर कायदे नवे आलेत आणि आकडे बदललेत, १८८ चं २२३, १९५ चं २१५, ४८२ चं ५२८.

आमची ऑर्डर अर्ज केलेल्या तिघांपुरतीच आहे. भाऊ अजून तारखेला जातात. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता, "तुझ्या त्या वकिलाचा नंबर पाठव रे, आणि तो आदेश पण." व्हॉट्सॲपवर टाकला.