दिवेलागणीला मंदावणारं नेट

साताऱ्यातल्या यादोगोपाळ पेठेतला जुना वाडा. पुढच्या ओसरीवर फायबरचा डबा आणि राउटर, मागच्या माडीवर घरातल्या मुलीची अभ्यासाची खोली, आणि मधे काळ्या दगडाच्या दोन भिंती, एकेक दोन-सव्वादोन फूट जाडीची. माडीवर वायफाय मोजलं तर उणे ८१ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्यापासून जितकं लांब तितका सिग्नल अशक्त). एवढ्यावर मेसेज जातो, मुलीचा ऑनलाइन वर्ग चालत नाही. ५ गिगाहर्ट्झचं नाव तर यादीत दिसतच नव्हतं. माजघरात रिपीटर लावून झाला होता, पण त्यालाच सिग्नल अर्धवट मिळत होता. जे अर्धवट येतं तेच तो पुढे देणार.

माझं पहिलं मत नेहमी केबलचं असतं. कॅट सिक्सची वायर ओढता येत असेल तर दुसरा विचार करू नये. इथे आजींनी स्पष्ट सांगितलं, "भिंतीला भोक नको बाबा, चुना पडतोय आधीच." परसातून फिरवून न्यायची तर साधारण ३८ मीटर, आणि परसात माकडांचा राबता. त्यामुळे घरच्यांनी स्वतःच विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारा अडॅप्टरचा संच मागवला होता, खोक्यावर ६०० लिहिलेला. तो "चालत नाही, परत करायचाय" म्हणून मला बोलावणं आलं.

खोक्यावरच्या ६०० बद्दल आधी सांगतो, कारण निम्मी नाराजी तिथूनच सुरू होते. तो आकडा वायरीवरच्या कच्च्या वेगाचा, दोन्ही दिशांचा मिळून. एका वेळी एकच बाजू बोलते, त्यात चुका सुधारण्याचा भारही असतो. शिवाय या संचाला लॅनचं, म्हणजे नेटची केबल खोचायचं, पोर्ट १०० एमबीपीएसचं. म्हणजे आदर्श स्थितीतही ९४-९५ च्या वर काही मिळणार नाही. जुन्या घरात ४० मिळाले तर काम चांगलं झालं असं मी समजतो.

ओसरीवरचा अडॅप्टर स्पाइक गार्डमध्ये खोचलेला होता, राउटरच्या शेजारी. ही सगळ्यात नेहमीची चूक. अडॅप्टर ५० हर्ट्झच्या विजेवर २ मेगाहर्ट्झपासून वरचा सिग्नल चढवतो. स्पाइक गार्डमधला फिल्टर बरोबर तेवढाच भाग गिळतो, कारण त्याच्या दृष्टीने तो कचराच. फिल्टर नसला तरी आतला व्हेरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) कपॅसिटरसारखा वागून सिग्नल खातो. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावायचा.

तो काढला आणि आधी संच धड आहे का ते पाहिलं. दोन्ही अडॅप्टर ओसरीवरच्या एकाच बोर्डावर, दोन्हीकडे लॅपटॉप, आणि त्यांच्यातला वेग मोजायला आयपर्फ हा प्रोग्राम. ९३ एमबीपीएस. म्हणजे संचात खोट नाही. ही चाचणी इंटरनेटच्या स्पीडटेस्टने करू नये. त्यात कंपनीची लाइन, राउटर, वायफाय सगळं मिसळतं आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

एक अडॅप्टर माडीवर नेला. दिवा लाल. वेग ५ ते ६, पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) कधी २० तर कधी ४०० मिलिसेकंद. सॉकेटमध्ये प्लग हलतही होता. या संचाच्या पिना युरोपीय मापाच्या, ४.८ मिलिमीटर जाडीच्या. आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ५.१ ची पिन लागते. हाताने जरा दाबून धरलं की आकडा चढायचा, सोडलं की उतरायचा. प्रवासात वापरतात तसला कन्व्हर्टर हा त्यावरचा उपाय नव्हे, त्यात आणखी एक सैल जोड वाढतो. घट्ट पकडणारं नवं सॉकेट बसवलं. पिंग सावरली, वेग मात्र ६ वरच राहिला.

मग मीटरपाशी गेलो. मीटर थ्री फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या जिवंत वायरींचा, विहिरीच्या मोटरमुळे घेतलेला. खाली डिस्ट्रिब्यूशन बॉक्समध्ये एमसीबींच्या, म्हणजे जादा भार आला की पडणाऱ्या स्विचांच्या, तीन रांगा. ओसरी आणि माजघर लाल फेजवर, माडीची सॉकेटं पिवळ्यावर, मोटर तिन्हींवर. इथेच उत्तर होतं. लाल आणि पिवळ्या वायरी घरात कुठेच एकमेकींना भेटत नाहीत, त्या जुळतात थेट रोहित्राकडे. मग ६ तरी कसे आले? जुन्या केसिंग-कॅपिंगच्या पट्टीत दोन्ही फेजच्या वायरी कित्येक फूट शेजारी-शेजारी धावतात, त्यातून थोडा सिग्नल पाझरतो. हा पाझरच फसवतो. काहीच आलं नसतं तर लोकांनी वायरिंग तपासलं असतं; थोडं येतं म्हणून संचाला नावं ठेवतात.

अंदाजावर वायरिंगला हात लावायचा नाही, म्हणून खात्री केली. ३० मीटरचा साधा एक्स्टेंशन बोर्ड, स्पाइक गार्डचा नाही, माजघरातल्या लाल फेजच्या सॉकेटवरून जिन्याने माडीवर नेला आणि अडॅप्टर त्यावर लावला. ४८ एमबीपीएस. थ्री फेजच्या घरात ही चाचणी दहा मिनिटांत होते आणि निकाल स्पष्ट देते.

आता माडीचं सर्किट लाल फेजवर घ्यायचं का? घरच्या नेहमीच्या वायरमनला बोलावलं. त्यांनी बॉक्स उघडून मान हलवली. लालवर आधीच फ्रिज, मिक्सर, गिझर. त्यात माडीची इस्त्री आणि हिवाळ्यातला हीटर टाकला तर एका फेजवर सगळा बोजा. दोन फेज कपॅसिटरने जोडणारे कपलर मिळतात, पण मेनबॉक्समध्ये कायमचा कपॅसिटर बसवायचा तर तो त्या कामासाठी प्रमाणित हवा आणि बसवणाराही परवानाधारक. बाजारातला कुठलाही कपॅसिटर दोन फेजांत टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आधी माडीवरच्या बोर्डाची अवस्था बघू, म्हणून वायरमनदादांनी पिवळ्याचा एमसीबी पाडला. मी वर उभा होतो. सॉकेट मेलं. डोक्यावरचा पंखा चालूच.

"दादा, पंखा फिरतोय!" मी खाली हाक मारली. ते दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. पंखा आणि ट्यूब इन्व्हर्टरवर होते. इन्व्हर्टर माजघरात, त्याचा पुरवठा लाल फेजच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरून, आणि त्याची आउटपुटची एकच वायर ओसरीपासून माडीपर्यंत घरभर फिरलेली. वीज असते तेव्हा इन्व्हर्टर रिलेतून तीच वीज पुढे सोडतो. म्हणजे पुढच्या ओसरीपासून मागच्या माडीपर्यंत जाणारी, एकाच फेजची, एकसंध वायर घरात आधीपासून होती.

त्याच क्षणी दुसरी गोष्टही ध्यानात आली आणि ती जास्त गंभीर. माडीवरच्या एकाच लाकडी बोर्डात सॉकेट पिवळ्या फेजचं आणि पंख्याची वायर लाल फेजची. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण या दोन वायरींमध्ये ४०० व्होल्ट. एक एमसीबी पाडून "लाइट बंद केलीय" असं समजून कुणी त्या बोर्डात स्क्रू ड्रायव्हर घातला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको. थ्री फेजच्या जुन्या घरांत हे सर्रास आढळतं. बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच पाडायचा, इन्व्हर्टर त्याच्या बटणावरून बंद करायचा, आणि मग प्रत्येक वायरीला टेस्टर लावून बघायचा.

तसं सगळं बंद करून काम केलं. जुन्या बोर्डात काही न घालता शेजारी वेगळा छोटा बॉक्स, त्यात एक ६ अँपिअरचं सॉकेट, इन्व्हर्टरच्या लाइनवरून १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जेमतेम दीड मीटर. जुना जोड नुसता पिळून काळी पट्टी गुंडाळलेला होता. तो कापून कनेक्टरमध्ये घेतला. असे सैल जोड विजेला कसेबसे चालतात, पण या सिग्नलचं बरंचसं बळ तिथेच वाया जातं. ओसरीवरही तसंच एक सॉकेट. ज्या घरात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे तिथे इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल सरमिसळ झाला तर तो सारखा पडत राहतो, हे अशा वेळी आधी बघावं. या वाड्यात आरसीसीबी नव्हताच. माडीला अर्थिंगही नव्हतं. अर्थिंगची वायर वापरून वेग वाढवणारे तीन पिनांचे महागडे संच अशा घरात घेण्यात पैसा फुकट जातो. अर्थिंग मात्र नेटसाठी नाही, जिवासाठी करून घ्या, हे घरच्यांना दोनदा सांगितलं. वायरमनदादांनी पुढच्या आठवड्याचा वार दिला.

दुपारी साडेतीनला दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर, वेग ४४. माडीवरच्या अडॅप्टरला छोटा जुना राउटर जोडला: केबल लॅन पोर्टात, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या लाइनच्या पोर्टात) नाही, त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद, पत्ता १९२.१६८.१.२, वायफायचं नाव-पासवर्ड ओसरीसारखंच, चॅनल मात्र ओसरीवर १ आणि इथे ११. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन राउटर वेगवेगळे पत्ते वाटतात, आणि मग "कधी चालतं, कधी नाही" सुरू होतं.

मुलीचा वर्ग संध्याकाळी सातला असतो म्हणून थांबलो. बरं झालं थांबलो. पावणेसातला ४४ होते, सातला ११.

संध्याकाळीच बिघडतं म्हणजे संध्याकाळी काहीतरी सुरू होतं. लॅपटॉपवर चाचणी अखंड चालू ठेवली आणि मुलीच्या भावाला एकेक बटण बंद करायला सांगितलं. मी आकडा ओरडून सांगायचो. ओसरीची ट्यूब, अकरा. माजघरातला पंखा, त्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने थोडा फरक, चौदा. टीव्ही, काही नाही. मोबाइलचा चार्जर, काही नाही. देवघर, एकदम ४३. पुन्हा चालू, ११. तीनदा करून पाहिलं.

देवघरात आजी दिवेलागणीला निरांजन लावतात आणि सोबत एलईडीची माळ. माळ निर्दोष, दोष तिच्या बारक्या अडॅप्टरचा. तो उघडून पाहिला. हिरव्या पट्टीवर विजेच्या वायरी येतात तिथे चोकसाठी (गोंगाट अडवणाऱ्या तारेच्या गुंडाळीसाठी) जागा आखलेली, वर 'एल१' छापलेलं, आणि चोकच्या जागी नुसती उघडी तार डागलेली. शेजारी फिल्टरच्या कपॅसिटरची दोन भोकं रिकामी. पुढे चार डायोड, एक कपॅसिटर, बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर. हा अडॅप्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याची सगळी खळखळ अडवायला काहीच नसल्याने ती थेट वायरीत उतरते. नेटचा सिग्नल त्याच वायरीत. बनवणाऱ्याने काही रुपयांचे भाग वाचवले, इतकंच.

इथे स्पाइक गार्ड उलट उपयोगी पडतो. सिग्नलच्या अडॅप्टरला तो मारक, पण गोंगाट करणाऱ्या वस्तूला त्याच्यामागे बसवलं तर गोंगाट तिथेच अडतो. मात्र आत खरा फिल्टर हवा. अनेकांत फक्त स्विच आणि व्हेरिस्टर असतो. आमच्याकडचा फिल्टरवाला लावल्यावर ११ चे ३३ झाले. मग घरात पडलेला जुन्या सेटटॉप बॉक्सचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर सापडला. माळही १२ व्होल्ट डीसीचीच होती. अधिक-उणे टोकं मीटरने तपासून तोच जोडला. ४२. आजींची माळ चालू राहिली, हे मला महत्त्वाचं वाटतं. देवघरातली माळ बंद ठेवा असं सांगून प्रश्न सोडवला असता, तर तो चार दिवस टिकला असता.

राहिली वीज जाण्याची चाचणी. मेन पाडला. इन्व्हर्टरने बॅटरीवर घेतलं, पण त्या झटक्यात दोन्ही अडॅप्टर बंद पडून पुन्हा सुरू झाले आणि एकमेकांना सापडायला अर्धा मिनिट गेला. इन्व्हर्टर किफायती मोडवर होता. मागचं बटण यूपीएस मोडवर केलं, तेव्हा बदल इतका झटपट झाला की अडॅप्टर बंद पडले नाहीत. बॅटरीवर वेग २० च्या आसपास. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा, त्याची स्वतःची खरखर मोठी. तरी वर्गाला ३-४ एमबीपीएस पुरतात.

निघण्याआधी एक काम उरलं होतं. वाड्यात आणखी दोन बिऱ्हाडं आहेत, त्यांचे मीटर वेगळे पण सर्व्हिस वायर एकच. सिग्नल मीटरपाशी थांबतोच असं नाही. नवे अडॅप्टर कारखान्यातल्या सामाईक नावाने बोलतात, म्हणजे शेजारी तसाच संच आला तर तो आपल्या नेटवर्कमध्ये शिरू शकतो. एका अडॅप्टरचं पेअरचं बटण दाबलं, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. त्यावर दोघांत नवी किल्ली ठरते आणि त्यांचं बोलणं १२८ बिटांच्या एईएस या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद होतं.

सातचा वर्ग उशिरा का होईना, पण सुरू झाला होता. वायरमनदादांनी मार्करने माडीच्या जुन्या बोर्डावर लिहिलं: "दोन फेज आहेत. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केल्याशिवाय उघडू नये." खाली माझ्या नव्या सॉकेटवर: "नेटचा अडॅप्टर. इथे इस्त्री लावू नये."